गोगलगाईला दात असतात का? हौदावरच्या नक्षीचं कोडं

बांधावरचा_माणूस

राम राम मंडळी. औसा तालुक्यात आमची सात एकर जमीन. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, धाराशिव, बीडकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीन फस्त केलं, त्यात आमचं दोन एकर दुबार पेरावं लागलं. तेव्हापासून जून लागला की रात्री बॅटरी घेऊन बांधानं एक चक्कर ठरलेली.

प्रश्न औषधाचा नाही, वेगळाच आहे. दोन पानांवर आलेलं सोयाबीन ही बया कात्रीनं कापल्यागत तोडते. त्याच रात्री पपईच्या बुंध्यावर मात्र नुसती साल खरवडलेली. हौदाच्या भिंतीवर हिरवं शेवाळ धरलंय, त्यावर सकाळी नागमोडी नक्षी दिसते, एका मापाचे फटकारे, डावीकडं-उजवीकडं. जुन्या खोलीच्या भिंतीचा चुनासुद्धा चाटून नेलाय. आणि सगळं सामसूम असलं की खाण्याचा बारीक खर्र खर्र आवाज येतो, खोटं नाही सांगत.

एक उचलून तोंडात बघितलं तर मऊ मांस आणि एक चीर, बाकी काही नाही. पोरगी सातवीत आहे. म्हणते, "बाबा, गोगलगाय अन् पोटात पाय हे ठीक, पण दात कुठायत?" मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत आहे का?

शिवार_७२

विचारलं नाही तरी सांगतो. गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाकडेनं टाका, पहाटे खाली गोळा झालेल्या सापडतील. मिठाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे घालूनच उचला, तिच्यात मेंदूला बाधणारे जंत असू शकतात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या तर कुत्रं बांधून ठेवा, कुत्र्याला ते विष आहे.

ट्रे_नंबर_चौदा

मी प्राध्यापक नाही, हे आधीच सांगतो. एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं असिस्टंट होतो. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तळ्यातून पायला, म्हणजे गोड्या पाण्यातली मोठी गोगलगाय, आणून ठेवायची हे माझं काम. सर फळ्यावर आकृती काढायचे, दात बाहेर काढून काचपट्टीवर मांडून द्यायचो मी. त्यामुळे तुमच्या मुलीला सांगा, दात आहेत. हजारो आहेत. तुम्ही चीर बघितलीत, पण ती बंद असताना.

त्या चिरेच्या आत मांसाचा एक घट्ट गोळा असतो, पायलात साधारण पेरूसारख्या घडणीचा, पण मापाने करंगळीच्या पेराएवढाच. गोळ्याच्या तळाशी कुर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, गादी आणि गादीवर ताणून बसवलेली एक फीत. फितीवर आडव्या ओळींत दात. इंग्रजीत रॅड्युला, मराठी पुस्तकांत रेत्रिका. मी मुलांना कानस म्हणून सांगायचो, लोहाराकडची. एकदा बोट फिरवून बघितलं की कुणी नाव विसरत नसे.

काढायची रीत अशी. तो गोळा कापून परीक्षानळीत कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात टाकायचा आणि स्पिरिटच्या दिव्यावर हळूहळू उकळायचा. मांस विरघळून जातं, फीत विरघळत नाही. पाण्यात धुतली की पिवळसर तपकिरी चिंधी हाती लागते. पहिल्या वर्षी मी अशी एक घाण समजून बेसिनमध्ये ओतून दिली होती. सरांनी दिवसभर तोंड फिरवलं नाही, पण बोललेही नाहीत, ते जास्त लागलं. ग्लिसरीनमध्ये मांडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पायलात प्रत्येक ओळीत बरोबर सात दात: मध्ये एक, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि कडेला दोन-दोन. तुमच्या शेतातल्या शंखीची फीत वेगळी. तिच्यात एकेका ओळीत बारीक, जवळजवळ सारख्या दातांची इतकी दाटी की मोजता मोजता डोळ्यांतून पाणी येतं.

आता तुमचा कात्री आणि कानशीचा घोळ. दोन हत्यारं आहेत. वरच्या बाजूला, टाळूशी, चंद्रकोरीसारखा एक कडक तपकिरी पट्टा असतो, तो जबडा. पण खालचा जबडा नाही. खालून ती गादी फितीसकट पुढे येते, तोंडाबाहेर निघते आणि वर उचलत मागे जाते, अगदी मांजर दूध चाटतं तशी. कोवळं पान या दोघांच्या मध्ये सापडलं की त्याचा लचका निघतो, म्हणून तुम्हाला कातरल्यासारखं दिसतं. पपईचा बुंधा किंवा हौदाची भिंत जबड्यात मावत नाही, तिथे नुसती कानस चालते. गोगलगाय डोकं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेत पुढे सरकते आणि प्रत्येक चाटीत शेवाळाचा एक पट्टा निघतो. तुमची नक्षी ती हीच. चुना शंखासाठी लागतो. आवाजही खराच, कानशीचाच आहे.

दातांची टोकं घशाकडे वळलेली असतात. गादी बाहेर येताना फीत तिच्या कडेवर ताणली जाते आणि दात उभे राहतात, आत जाताना खरवडलेला चुरा घेऊन आडवे होतात. म्हणजे खरवडणं आणि आत ओढणं एकाच झटक्यात. चावणं असं नाहीच. लाळ मिसळते, चुरा अन्ननळीतून पोटातल्या पिशवीत जातो आणि पुढचं काम रस आणि जिवाणू करतात.

चुन्यावर आणि मातीवर घासून दात झिजणारच. पुढचे झिजलेले गळून पडतात, पुष्कळसे ती स्वतःच गिळते. फितीचं मागचं टोक एका पिशवीत असतं, तिथे रोज काही नव्या ओळी तयार होतात आणि अख्खी फीत हळूहळू पुढे सरकत राहते. गिरणीच्या पट्ट्यासारखी, फक्त हा पट्टा मागून विणला जातो आणि पुढून झिजतो. मला साठीत कवळी आली, तेव्हा या गोष्टीचा फार हेवा वाटला.

जाता जाता: ही शंखी मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखांच्या नादी माणसाने ती कलकत्त्यात आणली. हौसेचा प्राणी होता.

तर्कटराव

दुरुस्ती. हे दात नव्हेत. दंतिका म्हणा. आपल्या दातांशी काही संबंध नाही, कायटिन आहे, झुरळाच्या पाठीवर असतं ते. अर्थात समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या लिंपेटच्या दंतिकांत लोहाचं खनिज असतं, गोथाइट. २०१५ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांची ताकद मोजली, तर कोळ्याच्या रेशमालाही मागे टाकणारी निघाली.

ट्रे_नंबर_चौदा

मान्य. हाड नाही, मूळ नाही, हिरडी नाही. पण सातवीतल्या मुलीला "दंतिका" सांगून बघा, ती अंगणात पळून जाईल.

वेंगुर्ल्याची_वेणू

शिंपल्याक बारीक गोल भोक असता, ता ह्याच कानशीचा काम काय हो? आमी लहान असताना वेळेवर, म्हणजे दर्याच्या काठाक, तसले शिंपले वेचून दोऱ्यात ओवूक वापरत होतों. आजी म्हणायची, देवानच ओवूक भोक पाडून ठेवलेला आसा.

ट्रे_नंबर_चौदा

होय. नॅटिकासारख्या मांसाहारी गोगलगायींचं काम. वाळूत शिरून शिंपला पायाने धरायचा, रस सोडून कवच मऊ करायचं आणि कानशीने घासायचं. पुन्हा रस, पुन्हा घासणं. तासन्‌तास चालतं. भोक पडलं की सोंड आत घालून जेवण. वरची कडा थोडी रुंद, आत निमुळती असेल तर नॅटिका समजा. आणखी एक, किनाऱ्यावर जिवंत शंकू-शंख दिसला तर हातात घेऊ नका. त्याचा एकेक दात पोकळ भाल्यासारखा असतो, विषाने भरलेला. मासा टिपण्यासाठी आहे, पण माणसंही दगावली आहेत.

बांधावरचा_माणूस

चौदा नंबर काका, दंडवत घ्या. तुमचं वाचून रात्री बघायचं ठरवलं. आता नेमकं कसं बघायचं ते सांगा.

ट्रे_नंबर_चौदा

खिडकीची काच घ्या. कणकेची पातळ खळ करून एका बाजूला पुसा, वाळू द्या, मग किंचित पाणी शिंपडा. गोगलगाय खळीवर सोडा, काच उभी धरा आणि पलीकडून बॅटरी. अंधार ठेवा, घाई नको, आधी ती शंखात शिरून बसेल. मुलीला दुसरंही एक दाखवा: दोन दिवस नुसतं गाजर खाऊ घाला आणि लेंडीचा रंग बघा. ती शेपटाकडून पडणार नाही, शंखाच्या कडेला, डोक्याजवळून पडेल. शंखातल्या प्राण्याचं अंग पीळ घेतं, त्यात गुदद्वार पुढे आलेलं आहे.

बांधावरचा_माणूस

केलं. अर्धा तास नुसती शिंगं काढून बसली. मग काचेला तोंड लावलं. चीर उघडली, आतून गुलाबी गोळा आला, काचेला टेकला, वर गेला, आत गेला. तेवढ्या जागेची खळ साफ. पोरीनं घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला बावीस वेळा. दर वेळी वरचा तपकिरी पट्टा क्षणभर दिसायचा. आम्ही दोघं पाऊण तास उभे होतो, बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली.

आज पहाटे गोणपाटाखाली दोन बादल्या भरल्या. पोरगी एक मागून घेतेय, फीत काढायची म्हणते. पोटॅश कुठं मिळेल?

ट्रे_नंबर_चौदा

घरी नको. उकळताना उडालं तर डोळा जाईल. शाळेच्या विज्ञानाच्या सरांना विचारा, त्यांच्या देखरेखीत करा. आणि धुताना बेसिनच्या भोकावर गाळणी ठेवायला सांगा.