रफ रायडर्स : सर्कशीतले की फौजेतले?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)
मंडळी, आमच्या गावात तान्ह्या पोळ्यापासून एक भानगड सुरू आहे. सगळ्या पोरांनी लाकडी नंदी सजवून आणले, अन् माह्या भाच्यानं आणला चाकाचा घोडा. डोक्यावर बापाची मोठ्ठी टोपी, गळ्यात लाल रुमाल, कमरेले दावं. "कोण होय रे तू?" विचारलं तं म्हणे, "रफ रायडर!" मोबाइलवर पाह्यलं म्हणते. बक्षीस तं भेटलंच नाही, वरून पाटीलकाका म्हणाले की हे सर्कशीतले लोक होत. माहा साळा म्हणते, नाही, अमेरिकेची फौज होती. तर्री-पोह्याच्या दहा प्लेटांची पैज लागली आहे. खरं काय ते सांगा.

पडदेरंगाऱ्या (वडसा)
भाऊ, पाच प्लेटा पाटलाच्या नावानं लिहा. नाव आधी तमाशगिरांचंच.
विल्यम कोडी उर्फ बफेलो बिल यानं १८८३ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहातून 'वाइल्ड वेस्ट' नावाचा फिरता खेळ सुरू केला. टपालगाडीवर हल्ला, घोड्यावरच्या कसरती, ॲनी ओकलीची नेमबाजी. अमेरिकी सरकारशी लढलेला लकोटा या तिथल्या मूळ जमातीचा पुढारी सिटिंग बुल १८८५ च्या हंगामात तिकिटावर दाखवला. झाडीपट्टीत आम्ही रात्रभर नाटक करतो, पण असा खराखुरा माणूस उभा करायचं आमच्या एकाही मालकाला सुचलं नाही.
१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आत जागा मिळाली नाही, तर गड्यानं शेजारीच बस्तान मांडलं. (विवेकानंदांचं भाषण त्याच शहरात, त्याच वर्षी.) त्या साली खेळाच्या नावात 'जगभरच्या रफ रायडर्सची काँग्रेस' आलं, म्हणजे रांगड्या घोडेस्वारांचा मेळावा. रशियाकडचे कोसॅक घोडेस्वार, अरब, मेक्सिकोचे गुराखी, लकोटा, सगळे एकाच रिंगणात.

निवृत्त मास्तर, दारव्हा
उरलेल्या पाच साळ्याच्या. १८९८ मध्ये क्युबावरून अमेरिका-स्पेन युद्ध पेटलं, तेव्हा स्वयंसेवकांची पहिली घोडदळ पलटण उभी राहिली. प्रमुख लेनर्ड वूड. नौदल खात्यातली मोठी नोकरी सोडून थिओडोर रूझवेल्ट त्यांच्या हाताखाली आले. टेक्सासातल्या सॅन अँटोनियोत गुराखी, खाणकामगार, मूळ रहिवासी आणि हार्वर्डचे खेळाडू एकत्र कवायत करायचे. लोकांनी नाव ठेवलं, रफ रायडर्स.
पण गंमत पुढं आहे. फ्लोरिडातल्या टँपा बंदरावर जहाजंच पुरली नाहीत. बारापैकी आठ तुकड्या गेल्या आणि घोडे मागं राहिले, वरच्या अधिकाऱ्यांचे तेवढे चढवले. घोडदळ क्युबात पायी लढलं! १ जुलैला केटल हिल चढताना रूझवेल्ट घोड्यावर होते. तारेचं कुंपण आडवं आलं तेव्हा तेही उतरले. सोबत नवव्या आणि दहाव्या घोडदळातले काळे सैनिकही होते, पण नाव गाजलं रूझवेल्टांचं. टेकडीवर साखर कारखान्याची भलीमोठी लोखंडी कढई पडलेली होती, त्यावरून 'केटल'. गुऱ्हाळाची कढई आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढं येईल.

पडदेरंगाऱ्या (वडसा)
मास्तर, पुढचं मी सांगतो. १८९९ मध्ये बफेलो बिलानं हीच लढाई (केटल हिल ही सॅन हुआनच्या टेकड्यांपैकीच) खेळात घेतली, अन् त्यात पलटणीतले काही खरे जवान उतरवले. म्हणजे खेळाचं नाव फौजेनं घेतलं, अन् फौजेची लढाई खेळानं.

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)
मास्तर, भाऊ, लय उपकार. सकाळी टपरीवर मोबाइल ठेवून सगळं वाचून दाखवलं. पाटीलकाका म्हणाले, "नाव माहं आधी होतं ना? मंग पैसे त्याचे." साळा म्हणे, "नाव कोनाचंबी असू दे, गोया तं फौजेनंच खाल्ल्या." शेवटी दहाही प्लेटांचे पैसे मीच देले.
भाच्यानं बाकी एकच गोष्ट धरली. दुपारपासून विचारून राह्यला, "मामा, मंग टँपात राह्यलेल्या घोड्यायले कुटार कोण टाकत होतं?"

निवृत्त मास्तर, दारव्हा
मागं राहिलेल्या चार तुकड्या. रोजचं काम तेच, आणि लढाईला गेलेल्यांवर जळत बसायचं.