प्रति: मंडळीतली (चर्चमधली) फूट कशी सांधावी?
'सर्वसाधारण सभा बोलवा, एकदाच काय ते होऊन जाऊ दे' हे वरचं मत मला पटत नाही. बायबलमधल्या मत्तय 18:15-17 मधला क्रम उलटा आहे: आधी दोघांतच बोला, मग एक-दोघांना सोबत घ्या, मंडळीपुढे शेवटी. आमच्या इंदूरला मराठी उपासनेच्या वेळेवरून दोन तट पडले, तेव्हा सभेत नुसती उणीदुणी निघाली. पाळकसाहेबांनी माईक बंद केला तरी आवाज चालूच! पुढे नाताळच्या करंज्या लाटताना दोन्हीकडच्या काकू-मावश्यांनीच वेळ ठरवून टाकली. सीएनआय, म्हणजे वेगवेगळी चर्च एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियासाठीही 1929 ला सुरू झालेली बोलणी 1970 ला फळली, आणि इथे लोकांना पंधरवड्यात समेट हवाय. हिशेबाच्या वह्या मात्र सगळ्यांसमोरच उघडा, तिथे खासगीत समजूत काढून भागत नाही.