मदत हवी आहे: स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत कुणाला द्यायचं हे तुम्ही कसं ठरवता?

कंदीपेढा

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. या उन्हाळ्यात माझा नागरिकत्वाचा शपथविधी झाला, मतदार नोंदणीही झाली आणि आता सँपल बॅलट (नमुना मतपत्रिका) घरी आलंय. वरच्या पदांचं काही अडत नाही, त्या मंडळींबद्दल टीव्ही वर्षभर बोलतच असतो. गाडी अडलीय ती खाली, स्कूल बोर्डापाशी (टाऊनच्या सरकारी शाळांवर देखरेख करणारं निवडून आलेलं मंडळ). जागा तीन, उमेदवार सात. पक्षाचं नाव नाही. तिघांच्या नावापुढे 'मुलं सर्वप्रथम' छापाचं घोषवाक्य, दुसऱ्या तिघांपुढेही तसलंच काहीतरी. मुलं सर्वात शेवटी असं म्हणणारा उभा राहिला असता तर निदान एक नाव तरी खोडता आलं असतं.

टाऊनच्या फेसबुक ग्रुपवर नुसती चिखलफेक चालू आहे. आमच्या देशी व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपला माणूस, तीनपैकी एक मत त्याला नक्की' असा निरोप फिरतोय. माणूस चांगला असेलही, पण आडनावापलीकडे त्याची काही माहिती कुणी देत नाही. लेक सातवीत आहे, त्यामुळे पुढची पाच-सहा वर्षं या बोर्डाशी आपला संबंध आहे.

तीनही मतं द्यावीच लागतात का? बायको अजून ग्रीनकार्डवर आहे, पण शाळेचं सगळं तीच बघते. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेले पालकही स्कूल बोर्डाला मत देतात असं ऐकलं, तसं इथे आहे का? आणि मी टपाली मतपत्रिका मागवून ठेवलीय, पण पहिलंच मत म्हणून केंद्रावर जाऊन द्यावंसं वाटतंय. चालेल का?

निवांत_नाना

वहिनींच्या मताचं आधी सांगतो, कारण त्यात घोळ झाला तर फार महागात पडतं. नाही, इथे चालत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं खरं आहे. तिथे २०१६ साली मतदारांनीच तसा ठराव मंजूर केला, प्रकरण कोर्टात गेलं आणि ठराव टिकला. पण ते त्या शहरापुरतं. न्यू जर्सीत स्कूल बोर्डालाही नागरिकच मत देतो. ग्रीनकार्डवाल्याने मत दिलं किंवा फॉर्मवर 'मी नागरिक आहे' अशी खूण केली, तर पुढे नागरिकत्व अडकतंच, देशाबाहेर काढण्यापर्यंतही जाऊ शकतं. लायसनच्या ऑफिसात मतदार नोंदणीचा प्रश्न ओघात विचारतात, तिथे त्यांना नीट वाचून 'नाही' म्हणायला सांगा.

मत नसलं तरी वहिनींना बोर्डाच्या सभेत बोलता येतं हं. सभा खुल्या असतात आणि लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणं बोर्डाला बंधनकारक आहे.

ओसरी

मी बरीच वर्षं हे पाहतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बोर्डाचं काम काय ते बघा. बोर्ड शाळा चालवत नाही. सुपरिंटेंडंट (सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी) नेमणं, बजेट मंजूर करणं, धोरणं ठरवणं, शिक्षक संघटनेशी करार करणं ही त्याची कामं. म्हणून 'अमक्या मुख्याध्यापकाला घालवतो', 'तमक्या शिक्षकाला धडा शिकवतो' म्हणणाऱ्या उमेदवाराला मी पहिल्या फेरीतच बाद करते. त्याला आपलं काम काय हेच कळलेलं नाही, किंवा कळूनही तो तुम्हाला गंडवतोय. सदस्यांना पगार नसतो. मुदत तीन वर्षांची आणि दरवर्षी काही जागा निघतात, त्यामुळे पुन्हा उभे राहिलेले बहुधा एक-दोन तरी सापडतात.

त्यांच्यापासून सुरुवात करा. सभांचे मिनिट्स (इतिवृत्त) स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या बोर्डाखालच्या शाळांच्या, वेबसाइटवर असतात, बऱ्याच ठिकाणी व्हिडिओही. बजेट मांडतात ती वसंतातली सभा उघडा आणि कोण हजर होतं, कुणी आकड्यांवर प्रश्न विचारले, कोण नुसतं 'सेकंड' (अनुमोदन) म्हणून गप्प बसलं ते बघा. वेग वाढवून ऐकलं तरी चालतं, रटाळ असतंच ते.

नवे उमेदवार असतील तर पैसा कुठून आला ते पाहा. निवडणूक खर्चावर देखरेख करणारं राज्याचं कमिशन आहे, तिथले अहवाल कुणालाही ऑनलाइन बघता येतात. लीग ऑफ विमेन व्होटर्स ही कुठल्याही पक्षाची नसलेली, मतदारांना माहिती देणारी संस्था. ते लोक काही टाऊनमध्ये उमेदवारांना एका मंचावर आणतात, तुमच्याकडे असेल तर चुकवू नका.

हे बोर्ड बिनमहत्त्वाचं वाटत असेल तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून बघा. आपल्या राज्यात त्यातला साधारण निम्मा वाटा शाळांचा असतो. पूर्वी या निवडणुका एप्रिलमध्ये होत आणि बजेटवरही थेट मत असे. २०१२ च्या कायद्यानंतर बहुतेक डिस्ट्रिक्ट नोव्हेंबरात सरकले. आता करातली वाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर बजेट मतदारांपुढे येतच नाही. म्हणजे पूर्वी दोन लगाम होते, आता तुमच्या हातात हा एकच आहे.

टपरीवाला_चहा

ओसरीताई, सगळं मान्य, पण 'आपला माणूस' एवढं हसण्यावारी नेऊ नका. दिवाळीची सुट्टी शाळेच्या कॅलेंडरवर आपोआप येत नाही. कॅलेंडर बोर्डच मंजूर करतं, आणि तिथे बसलेल्या कुणीतरी तो विषय लावून धरावा लागतो.

ओसरी

बरोबर आहे. आमच्याकडे मात्र आमच्या आडनावाच्या माणसाने विषय काढला नाही, आणि ज्या बाईंनी काढला त्यांना दिवाळी म्हणजे काय ते आम्हीच फराळाच्या डब्यासकट समजावलं होतं. :)

खडूफळा

तीन मतं द्यावीच लागतात असं अजिबात नाही. 'तीनपर्यंत' असा अर्थ आहे. एकच उमेदवार मनापासून पटला असेल तर फक्त त्याला द्या. उरलेली दोन उगाच वाटली की ती त्याच्याच प्रतिस्पर्ध्यांच्या पारड्यात जातात.

अवांतर: नेवार्कमध्ये आता १६ आणि १७ वर्षांची मुलंही स्कूल बोर्डाला मत देतात, २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा दिलं. आमच्या चिरंजीवाला हे कळल्यापासून 'आपण नेवार्कला का राहत नाही' चालू आहे.

कंदीपेढा

सगळ्यांचे आभार. वसंतातल्या सभेचा व्हिडिओ बायकोबरोबर बसून पाहिला. पुन्हा उभ्या राहिलेल्या दोघांपैकी एकाने बसच्या कंत्राटावरून चांगलंच धारेवर धरलं होतं, दुसरे तासभर फोनमध्ये. एक प्रश्न सुटला. गुरुवारी वाचनालयात उमेदवारांची सभा आहे. चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहून देता येतो. काय विचारू?

ओसरी

'राज्याची मदत कमी झाली तर आधी काय कापाल, आणि कशाला हात लावणार नाही?' २०१८ च्या कायद्यानंतर कित्येक डिस्ट्रिक्टांची मदत दरवर्षी घटत गेली, तेव्हा प्रश्न हवेतला नाही. 'वायफळ खर्च कापू' असं उत्तर आलं तर कुठला खर्च, ते सभा संपल्यावर गाठून विचारा.

निवांत_नाना

टपाली मतपत्रिकेचं राहिलंच. ती तुमच्या नावाने निघाली असेल तर केंद्रावर मशीनवर मत देता येणार नाही. प्रोव्हिजनल बॅलट हातात देतील आणि ते नंतर पडताळून मोजतील. त्यापेक्षा आलेलीच भरा, आतल्या पाकिटाच्या पट्टीवर सही करा आणि ती पट्टी फाडू नका. मग काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये स्वतः जाऊन टाका, मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत.