एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करायचंय, कुठून करू? फिल्डवर्क, स्पेशलायझेशन, नोकरी याबद्दल सल्ला हवाय

औशाची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुका. बीकॉम झालं २०२१ ला, तेव्हापासून इथल्याच एका पतसंस्थेत आहे. बचतगटांची कर्जं माझ्याकडे असतात त्यामुळे दिवसभर बायकांशीच बोलणं, आणि हप्ता का थकला विचारलं की हप्ता राहतो बाजूला, नवऱ्याची दारू, सासूचं दुखणं, पोरीची शाळा बंद केली हेच निघतं. काय बोलावं मला सुचत नाही, नुसतं ऐकून घेते आणि घरी आल्यावर तेच डोक्यात फिरत राहतं. दोन वर्षांपासून एमएसडब्ल्यूचा विचार चाललाय. वडील म्हणायलेत समाजसेवेला डिग्री कशाला लागती, करायची तर अशीच कर. आई माझ्या बाजूनं आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या घरचे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, तेव्हा कॉलेजची पोरंपोरी वह्या घेऊन यायची. त्यातली एक मुलगी रोज येऊन माझ्या आजीशेजारी बसायची. आजीनं बोलणंच टाकलं होतं. ती मुलगी काही विचारायची नाही, नुसती बसायची, आणि बऱ्याच दिवसांनी आजी पहिल्यांदा बोलली ती तिच्याशीच. आई अजून सांगते हे.
तर बीकॉमवरून चालतं का, कुठलं कॉलेज बघू, नोकरी सांभाळून बाहेरून करावं का, आणि पुढे पगाराचं काय? साठवलेले दीड लाख आहेत, त्यात बसवायचंय. प्लीज खरं खरं सांगा.

वॉर्ड_नंबर_नऊ
बीकॉम चालतं. कुठल्याही शाखेची पदवी चालते, बीएसडब्ल्यू पाहिजेच असं नाही. मी पुण्यात एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे, नऊ वर्षं झाली. माझा सल्ला एकच, कॉलेजच्या आधी स्पेशलायझेशन ठरव. वैद्यकीय व मनोविकार, कुटुंब व बालकल्याण, समुदाय विकास, एचआर, काही ठिकाणी गुन्हेगारी व सुधार प्रशासन, यातलं जे घेशील त्यावर तुझं फिल्डवर्क कुठे लागणार ते ठरतं आणि फिल्डवर्कवर पुढची नोकरी.
वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावरून देते. धर्मादाय हॉस्पिटलला सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धन पेशंटला मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, शिवाय बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. कागदावर सगळं छान आहे. पण समोर माणूस येतो तो प्लास्टिकची पिशवी घेऊन, त्यात केशरी रेशनकार्ड, तीन वर्षं जुना उत्पन्नाचा दाखला, आणि बायको आयसीयूत. दाखला चालत नाही म्हणून परत पाठवणं एका मिनिटाचं काम आहे. मी आधी त्याला पाणी देते, मग विचारते गावाहून कोण आलंय, रात्री झोपता कुठे, जेवलात का. त्यातून कळतं की भाऊ तहसीलला जाऊन दाखला आणू शकतो, शेत बायकोच्या नावावर नाही, म्हैस विकायला काढलीय. तोवर मी बिलिंगला सांगून डिपॉझिट थांबवते, महात्मा फुले योजनेत बसतंय का बघते. कोणता प्रश्न आधी विचारायचा आणि कोणता आज विचारायचाच नाही, हे मला एमएसडब्ल्यूनं शिकवलं. आणि तू जे 'नुसतं ऐकून घेते' लिहिलंस ना, केसवर्कची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, सुरुवात तिथूनच होते, तू ते आधीपासून करतेयस.

बालाघाट
तुझ्या घराजवळच आहे की, तुळजापूर! टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ग्रामीण कॅम्पस आहे तिथे, मी तिथूनच ग्रामीण विकासातलं एमए सोशल वर्क केलं. डिग्रीचं नाव एमए असतं पण एमएसडब्ल्यूच्या जागांना चालतं. २०२३ पासून प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर आहे, फॉर्म डिसेंबर-जानेवारीतच येतात, निकालाची वाट बघत बसणाऱ्यांचं वर्ष जातं म्हणून आत्ताच सांगतोय.
ही संस्था १९३६ ला मुंबईत सुरू झाली, नागपाड्याच्या कामगार वस्तीतल्या कामातून. तिची चांगली कामं बरीचशी फिल्डमधूनच उगवलीत. पोलिस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष १९८४ ला झाला तो, मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ ला सुरू झाली ती. आम्हाला आठवड्यातले दोन दिवस गावात जायचं असायचं. मी पहिला महिना पारावर बसून काढला, कुणी बोलेना. दर आठवड्याला रेकॉर्डिंग, म्हणजे फिल्डवर्कची नोंद, लिहून द्यायचं, मग सुपरवायझरबरोबर आयसी, म्हणजे एकेकट्याशी बसून चर्चा. मी लिहिलं होतं, 'सदर महिला निराश आहे.' मॅडमनी लाल पेनानं खाली लिहिलं, 'हे तिने सांगितलं की तुला वाटलं?' आज मी जलसंधारणाच्या प्रकल्पावर आहे, टीमचा कुठलाही रिपोर्ट तपासताना हाच प्रश्न विचारतो.

चाकण_फाटा
एचआरवाल्याचं पण ऐक. १९४८ च्या कारखाने कायद्यानं ५०० किंवा जास्त कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला, तेव्हापासून एमएसडब्ल्यू करून कंपनीत जायची वाट आहे. पगार सगळ्यात बरा इकडेच, मी माझ्या कामात खूष आहे. कॅन्टीन, पाळणाघर, अपघात झाला की घरच्यांकडे जाणं, हे पण समाजकार्यच आहे. पण तुझी पोस्ट वाचून वाटलं की तू बचतगटाच्या बायकांबद्दल लिहिलंस, कंपनीबद्दल एक ओळ नाही. फक्त पगारासाठी एचआर घेऊ नकोस, दोन वर्षं दुसऱ्याचंच फिल्डवर्क केल्यासारखं होईल. पैसा पण लागतो तर सीएसआर बघ, २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावाच लागतो, तिथे समुदाय विकासवाले घेतात.

परत_भेटू
मला वाईट अनुभव आला म्हणून लिहिते. कॉलेजचं नाव घेत नाही. दोन वर्षांत सुपरवायझर माझ्या एजन्सीत, म्हणजे फिल्डवर्कच्या संस्थेत, एकदाच आल्या, तेही सहीला. मला एका ऑफिसात एक्सेलमध्ये आकडे भरायला बसवलं होतं, आणि मागच्या बॅचचे रिपोर्ट हातात देऊन असंच लिही म्हणाले. डिग्री मिळाली, पहिला क्लास, आणि पहिल्या नोकरीत मारहाण झालेली बाई समोर बसली तेव्हा मला तिच्याकडे बघता येईना, मी फॉर्मकडेच बघत होते. सगळं नंतर नोकरीत सिनियर ताईकडून शिकले. म्हणून कळकळीनं सांगते, अॅडमिशनआधी ऑफिसात चौकशी करून समाधान मानू नकोस, सेकंड इयरच्या मुलींना कॅन्टीनमध्ये गाठ, एका सुपरवायझरकडे किती मुलं आहेत, आयसी खरंच दर आठवड्याला होते का, ग्रामीण शिबिर गावात राहून करतात की फोटोपुरतं, आणि शेवटची ब्लॉक प्लेसमेंट (सलग पूर्णवेळ फिल्डवर्क) कुठे लागली हे विचार.

मुख्यसेविका
मी इग्नू या मुक्त विद्यापीठातून बाहेरून केलं, अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ४, कुठलीही पदवी चालते. फिल्डवर्क त्यातही आहे पण ते तुलाच उभं करावं लागतं. मी रोज गावोगाव फिरतेच त्यामुळे मला जमलं, वाचलेलं दुसऱ्या दिवशी करून बघता यायचं. तू टेबलावर बसतेस, तुला रोज कुणीतरी चुका दाखवणारं पाहिजे. जमत असेल तर रेग्युलरच कर.

औशाची_लेक
सगळ्यांचे खूप खूप आभार, दोनदा वाचलं. @वॉर्ड_नंबर_नऊ ताई, तुमचं वाचून वैद्यकीयकडे ओढ वाटायली, पण मला गावातच काम करायचंय. आणि पुण्यात राहायचा खर्च झेपेल का?

वॉर्ड_नंबर_नऊ
अगं मग ग्रामीण किंवा कुटुंब व बालकल्याण बघ, माझं वाचून मेडिकल घेऊ नकोस. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था जुनी, १९६३ ची. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ चं. दोन्हीकडे फिल्डवर्क चांगलं मिळतं, पण राहण्याचा खर्च फीपेक्षा जड जातो. अनुदानित कॉलेजची फी कमी असते, ते आधी विचार. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेव, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज कर, एससीत येत असशील तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना पण आहे.
पगाराचं खरं सांगायचं तर सुरुवातीला बऱ्याच जागा कंत्राटी, अकरा अकरा महिन्यांच्या ऑर्डर. बाल संरक्षण कक्ष, समुपदेशक वगैरे. कायम जागा म्हणजे परिविक्षा अधिकारी, सरकारी हॉस्पिटलला समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय), जाहिरात निघाली की हजारोंनी अर्ज येतात. ही ओढाताण दोन-तीन वर्षं सगळ्यांची होते, माझी पण झाली. घरी हे आत्ताच सांगून ठेव, नंतर ऐकून घ्यावं लागत नाही.

बालाघाट
तुळजापूरला कधी येतेस ते कळव, माझे दोन ज्युनियर आत्ता सेकंड इयरला आहेत, बोलणं करून देतो.

औशाची_लेक
येत्या शनिवारी येते, संस्थेत हाफ डे टाकलाय. @परत_भेटू ताई, तुमचे प्रश्न वहीत लिहून घेतलेत. वडिलांना काल ते म्हैस विकायला काढलेल्या माणसाचं वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत पण एसटी किती वाजता आहे ते विचारलं. आई म्हणायली मी पण येते, देवीचं दर्शन घेऊ आणि कॉलेज पण बघू.