खालचा जबडा पुढे, हनुवटी डावीकडे: आधी ब्रेसेस की आधी ऑपरेशन?

केतकी_ठा

आम्ही ठाण्याचे. मुलगी १९ वर्षांची. चावताना खालचे पटाशीचे दात वरच्यांच्या ५ मिमी पुढे येतात, हनुवटी मध्यरेषेपासून ४ मिमी डावीकडे. डाव्या बाजूच्या दाढाही उलट्या बसतात. सेफमध्ये (कवटीचा बाजूने काढलेला मोजमापाचा एक्स-रे) एसएनए, म्हणजे कवटीच्या तळाशी वरच्या जबड्याचा कोन, ७९, एसएनबी, म्हणजे खालच्याचा, ८४; म्हणजे दोन्हींतला फरक, एएनबी, उणे ५. खालच्या पटाशीच्या दातांचा कोन ७८ अंश, वरच्यांचा ११४. खालच्या दोन्ही अक्कलदाढा हाडात आडव्या.

एका ऑर्थोडॉन्टिस्टचं म्हणणं, आधी सव्वा वर्ष ब्रेसेस, आणि त्या काळात चेहरा आत्तापेक्षा वाईट दिसेल. दुसरीकडे सांगितलं, आधी ऑपरेशन, ब्रेसेसचं नंतर बघू. कुणी म्हणतं फक्त खालचा जबडा, कुणी म्हणतं दोन्ही. ओठ कायमचा बधिर होतो असंही ऐकलं. शिवाय घरातल्या मोठ्यांचं 'पुढच्या वर्षी स्थळं बघायची, त्याआधी उरका' चालू आहे ते वेगळंच. नीट समजावून सांगाल का?

---

हनुवटी

आधी की नंतर हे नंतर ठरवू. हनुवटी एका बाजूला असेल तर पहिला प्रश्न असा की वाढ थांबली आहे का, आणि सरकणं खरं आहे का.

मुलींची वाढ साधारण १६-१७ पर्यंत आटोपते, पण पुढे आलेला खालचा जबडा हा उशिरापर्यंत रेंगाळणारा प्रकार आहे. त्यामुळे वय बघून हो म्हणू नये. किमान सहा महिने, शक्यतो वर्षभराच्या अंतराने काढलेले दोन सेफ कवटीच्या तळाच्या रेषेवर एकमेकांवर ठेवायचे. जबडा हलला नसेल तरच पुढे. जुना सेफ कुठल्याही दवाखान्यात पडला असेल तर तो शोधून काढा, वर्ष वाचेल.

हनुवटी डावीकडे गेली आहे म्हणजे उजव्या कानापुढच्या सांध्याचं डोकं, काँडाइल, जास्त वाढलेलं असू शकतं. ते अजून वाढतंय अशी शंका असेल तर टेक्नेशियमचा बोन स्कॅन (किंचित किरणोत्सारी औषध टोचून काढलेला हाडांचा स्कॅन), स्पेक्ट म्हणजे त्रिमितीय पद्धतीने. दोन बाजूंत १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर वाढ चालू असल्याचा संशय धरतात. मात्र सांध्याला सूज असली तरी तो भाग उजळतो, म्हणून एकट्या स्कॅनवर निकाल देऊ नये. जुने फोटो आणि दातांचे साचे सोबत लागतात. चालू वाढीवर जबडा सरळ केला तर दोन-तीन वर्षांत हनुवटी परत डावीकडे जाते आणि खापर हाड जोडणाऱ्या प्लेट्सवर फुटतं.

दुसरी तपासणी पाच मिनिटांची आहे, तरी राहून जाते. स्नायू सैल करून जबडा सांध्यात नीट बसवायचा आणि दात हळूच टेकवायचे. एखादी दाढ आधी लागून जबडा डावीकडे घसरत असेल, तर ४ पैकी एखाद-दोन मिमी नुसती घसरण असते, हाड वाकडं नसतं. घसरलेल्या स्थितीतच साचे आणि सीटी घेतला तर सगळं मोजमाप चुकीच्या जागेवरून सुरू होतं. हे ऑपरेशन थिएटरमध्ये कळतं, कारण भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि जबडा आपल्या खऱ्या जागी जातो.

वरच्या दातांची ओळ तिरकी आहे का तेही बघायला सांगा. तोंडात लाकडी स्पॅट्युला आडवा धरून चाववायचा आणि डोळ्यांच्या बाहुल्यांच्या रेषेशी ताडायचा. तिरकी असेल तर वरच्या जबड्याला हात लावल्याशिवाय चेहरा सरळ होणार नाही.

---

वक्रदंत

"चेहरा वाईट दिसेल" असं आधीच सांगणारा ऑर्थोडॉन्टिस्ट बरा आहे असं समजा. गोड बोलून सुरुवात करणारे पुढे अडचणीत आणतात.

कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. जबडे जुळत नसले की दात आपल्या परीने वाकून जुळवून घेतात. खालचे पटाशीचे दात साधारण ९० अंशांत असावेत, ते ७८ ला म्हणजे आत कललेले आहेत. वरचे १०२-१०४ च्या आसपास हवेत, ते ११४ ला म्हणजे बाहेर झुकलेले. ५ मिमीचा फरक दिसतो तो दातांनी झाकून घेतल्यावरचा. याच जागेवर ऑपरेशन केलं तर जबड्याला सरकायला ५-७ मिमीच मिळतात. दात जुळतात आणि चेहरा अर्धवट राहतो.

म्हणून आधी दात आपापल्या हाडावर सरळ करायचे. ढोबळ हिशेब: अडीच अंशाला साधारण १ मिमी. खालचे ८ अंश पुढे आणले, ३ मिमी. वरचे ५ अंश मागे घेतले, २ मिमी. उलटा फरक ५ वरून १० वर गेला. वरचे दात खालच्यांच्या २ मिमी पुढे हवेत, म्हणजे एकूण १२ मिमी हालचाल. हा खरा आकडा, आणि एक जबडा की दोन हे यावरूनच ठरतं.

वरचे मागे घ्यायला जागा लागते, १ मिमीला दोन्ही बाजूंची मिळून २. दाटी असेल तर वरच्या पहिल्या उपदाढा काढाव्या लागतात. खालच्या उपदाढा काढू असं कुणी म्हणालं तर थांबा. ती ऑपरेशन टाळून दातांवर भागवायची योजना आहे. त्यात खालचे दात आणखी आत कलतात आणि पुढे ऑपरेशन ठरलं तर तीच जागा पुन्हा उघडत बसावी लागते.

आता "आधी ऑपरेशन". २००९ पासून जपानमधून याचे पद्धतशीर लेख आले, आता आपल्याकडेही करतात. फायदा खरा आहे: चेहरा पहिल्याच दिवशी बदलतो, आणि हाड कापल्यावर तीन-चार महिने दात भराभर सरकतात. पण त्यासाठी दाटी कमी, ओळी सपाट आणि पटाशीचे कोन बऱ्यापैकी ठीक हवेत. तुमच्याकडे कोन दोन्हीकडे बिघडलेले, शिवाय डाव्या बाजूची उलटी चावण. ऑपरेशननंतर दाढा धड टेकणारच नाहीत आणि जबडा कुठे स्थिर करायचा हा प्रश्न राहील. मी या केसमध्ये तरी आधी ब्रेसेसच म्हणेन.

ब्रेसेस धातूचेच घ्या. सिरॅमिकचे दिसायला छान, पण थिएटरमध्ये तुकडा उडाला तर एक्स-रेत सापडत नाही. दाढांना चिकटवलेल्या ट्यूबपेक्षा दाढेभोवती बसणारे कड्यासारखे बँड बरे. ब्रॅकेटच्या, म्हणजे दाताला चिकटवलेल्या तुकड्याच्या, खाचेत (२२ चा स्लॉट) १९ बाय २५ ची जाड स्टीलची तार (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात) बसवून शेवटचे साचे घेण्याआधी चार-सहा आठवडे काहीही न हलवता ठेवायची. दात हलत असताना घेतलेल्या साच्यावर बनवलेला वेफर (जबडे नव्या जागी जुळवायला दातांमध्ये धरायची प्लास्टिकची चकती) ऑपरेशनच्या दिवशी बसत नाही.

---

हनुवटी

वक्रदंत यांचे १२ मिमी धरून चालू.

सगळे १२ खालच्या जबड्यातून मागे घेतले तर जिभेला जागा कमी पडते, घशामागची श्वासाची वाट अरुंद होते, हनुवटीखाली कातडी लोंबते आणि स्नायू जबड्याला पुन्हा पुढे ओढतात. घोरणं किंवा वजन जास्त असेल तर आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. एसएनए ७९ आहे, म्हणजे वरचा जबडाही थोडा मागेच आहे. म्हणून वरचा ५ पुढे, खालचा सरासरी ७ मागे. हनुवटी ४ मिमी डावीकडे असल्याने तो ७ दोन्हीकडे सारखा नसतो: उजवीकडे साधारण ९, डावीकडे ५. असं फिरवलं की कापलेली हाडं एकमेकांवर सपाट बसत नाहीत, एका टोकाला फट राहते. तिथे घासून जागा करावी लागते. जबरदस्तीने स्क्रू आवळले तर काँडाइल पिळवटतं आणि सांधा दुखायला लागतो.

क्रम असा. भुलीची नळी नाकातून, कारण दातांची चावण तपासायची असते. रक्तदाब थोडा खाली ठेवतात, त्याने रक्तस्राव कमी होतो. वरचा जबडा लेफोर्ट-१ ने सुटा करतात: दातांच्या मुळांच्या टोकांपासून निदान ५ मिमी वर आडवा छेद. मधल्या वेफरवर तो नव्या जागी बसवून बहुधा चार टायटॅनियम प्लेट्स. मग खालच्या जबड्याचा मागचा भाग उभा चिरून त्याचे आतला-बाहेरचा असे दोन पदर करायचे, शेवटच्या वेफरवर सरकवून दोन्हीकडे प्लेट किंवा लांब स्क्रू. ही पद्धत ऑब्वेगेसर यांनी १९५७ च्या सुमारास मांडली, डाल पाँट यांनी १९६१ मध्ये सुधारली. सगळं तोंडातून होतं; कधी गालावर स्क्रूसाठी काही मिलिमीटरचं छिद्र, बस. दोन्ही जबड्यांना चार-पाच तास.

अक्कलदाढा आडव्या आहेत त्या नेमक्या या चिरेच्या वाटेवर. दाढ तिथेच ठेवून चिरलं तर बाहेरचा पातळ पदर भलतीकडेच तुटू शकतो. निदान सहा महिने आधी काढा म्हणजे खड्डा हाडाने भरून येतो. ब्रेसेसच्या सुरुवातीलाच काढून टाकलेल्या उत्तम.

ओठाबद्दल. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना देणारी नर्व्ह या दोन पदरांच्या मधूनच जाते. सुरुवातीला बधिरता बहुतेक सगळ्यांना येते. बरीचशी सहा महिने ते वर्षभरात परत येते, आधी मुंग्या, मग खाज, मग स्पर्श. काहींना एखादा पट्टा कायम कमी संवेदनेचा राहतो. वय वाढेल तसा धोका वाढतो. हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मुलीला स्वतःला समजलेलं असावं, नुसतं आईवडिलांना नाही. बधिरता म्हणजे ओठ लुळा पडणं नव्हे. हसणं-बोलणं चालू राहतं. त्या काळात चहा आधी मनगटावर तपासून प्यावा, ओठ भाजला तरी कळत नाही.

वरचा जबडा पुढे येताना नाकपुड्या रुंदावतात. टाके घालताना नाकाच्या बुडाशी आवळणारा एक टाका घालतात. तो घालणार का, विचारून ठेवा.

---

पेजवाली

वॉर्डातलं आणि स्वयंपाकघरातलं मी सांगते, कारण डिस्चार्जच्या कागदावर 'लिक्विड डाएट' एवढंच लिहिलेलं असतं.

पहिल्या रात्री गिळलेलं रक्त उलटून पडतं. काळपट उलटी झाली की घाबरून जाऊ नका. कुशीवर वळवा, मान खाली. दात रबरांनी बांधले असले तरी पातळ पदार्थ गालातून, दाढांमागून बाहेर येतो. उशाशी कात्री ठेवायची, तारेने बांधलं असेल तर वायर कटर, आणि कोणतं रबर कापायचं हे नर्सकडून आधी बघून घ्यायचं. उशी उंच, ३० अंश. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, हे नातेवाइकांनाही सांगून ठेवा. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, सलाइनचे थेंब घालून नुसतं पुसायचं. स्ट्रॉ नको. ५० मिलीची सिरिंज आणि तिच्या टोकाला दोन-तीन इंच मऊ नळी, ती गालात सरकवून हळूहळू.

पहिले दोन आठवडे सगळं गाळलेलं. तांदळाची पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, ताक, चिकन किंवा भाज्यांचं सूप. मिक्सरमधून काढून वर चहाच्या गाळणीने गाळायचंच, डाळीचं एक सालही टाक्यात अडकतं. मोहरी-जिऱ्याची फोडणी नको, तूप घाला. पेजेने पोट भरतं पण प्रथिनं मिळत नाहीत, त्यामुळे चार-पाच किलो वजन सहज उतरतं. दुधात प्रोटीन पावडर किंवा घट्ट दही फेटून दर दोन तासांनी द्या. मग सहा आठवड्यांपर्यंत दातांची गरज नसलेलं: मऊ वरणभात, उपमा, कुस्करलेली केळी. पोळी दुधात भिजवूनही घाई करू नका. भाकरी, चिक्की, ऊस तीन महिने विसरा.

प्रत्येक वेळी खाऊन झाल्यावर कोमट मीठपाणी, दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडिनच्या चुळा, आणि लहान मुलांचा मऊ ब्रश फक्त ब्रॅकेटवर. हिरडीच्या टाक्यांवर नाही. प्लेटला जंतुसंसर्ग होतो तो बहुतेकदा अस्वच्छ तोंडामुळे किंवा सिगरेटमुळे.

---

केतकी_ठा

खूप आभार सगळ्यांचे. जुना सेफ सापडला, १४ महिन्यांपूर्वीचा आहे. दोन राहिलेले प्रश्न: विमा चालतो का? आणि मुहूर्ताचं काय सांगू घरी?

---

वक्रदंत

१४ महिने उत्तम. दोन्ही सेफ एकाच मशीनवरचे नसतील तर मोठं-लहान दिसण्याचा फरक आधी काढून घ्यायला सांगा.

घरी कॅलेंडरच मांडा. ब्रेसेस १२ ते १८ महिने, ऑपरेशन, मग पुन्हा ६ ते ९ महिने तारा. बाहेरच्यांना दिसणारी सूज महिन्या-दीड महिन्यात ओसरते, पण गालांचा खरा आकार यायला सहा महिने ते वर्ष. सगळ्यात वाईट वेळापत्रक म्हणजे ऑपरेशन झाल्यावर लग्नासाठी तारा लवकर काढणं. ऑपरेशननंतर दिलेले रबर दिवसभर, फक्त खाताना आणि घासताना काढायचे. ते कोणत्या हुकपासून कोणत्या हुकपर्यंत आहेत याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. उलट्या दिशेने लावलेले रबर आठवडाभरात चावण हलवतात.

---

हनुवटी

विमा. 'सौंदर्यासाठी' हा शब्द कागदावर आला की दावा गेला. प्रमाणित अपवादांत 'Excl08' या कलमाखाली कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेल्या आहेत, अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती किंवा आरोग्याचा थेट, तातडीचा धोका टाळण्याची वैद्यकीय गरज सोडून. शिवाय बऱ्याच पॉलिसींत दंतउपचारही वगळलेले असतात; ब्रेसेसचे पैसे खिशातूनच धरा. सर्जनकडून पत्र घ्या: निदान, एएनबी, चावण्यात आणि उच्चारात काय अडचण, झोपेच्या तपासणीचा निकाल असल्यास तो, आणि भूल देऊन रुग्णालयात भरती का लागते. ते पत्र लावून टीपीएकडून (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था) लेखी पूर्वमंजुरी मागा, आणि तीही ब्रेसेस बसवायच्या आधी. नकार आला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी घ्या.

खासगीत दोन्ही जबड्यांचा खर्च लाखांत जातो. ठाण्याहून जवळ म्हणजे मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला. दोन्हीकडे ऑर्थो (ब्रेसेसचा) आणि मॅक्सिलोफेशियल (जबड्याच्या ऑपरेशनचा) हे विभाग एकाच छपराखाली आहेत. तिथे एकच मागणी करा: ब्रॅकेट चिकटवण्यापूर्वी दोन्ही विभागांनी मुलीला एकत्र बघून मिलिमीटरचे आकडे केसपेपरवर लिहावेत.