'ट्रेड्समन'ला बलुतेदार म्हणायचं का?

माझी एक मैत्रीण इंग्रजी अमदानीतल्या खानदेश-वऱ्हाडाबद्दलचा मजकूर मराठीत आणतेय. त्यात पानापानावर ट्रेड्समन (धंदेवाला), आर्टिझन (कारागीर), पेटी शॉपकीपर (छोटा दुकानदार) असले शब्द येतात आणि तिने सरसकट सगळ्यांना 'बलुतेदार' करून टाकलं. मला ते वाचताना फार खटकलं, म्हणून हा शब्द जरा उकलून बघूया.

बलुतेदार हा धंद्याचा शब्दच नाही मुळात. तो मोबदला कसा मिळतो त्याचा शब्द आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट ही झाली कामं, पण सुतार बलुतेदार ठरतो तो खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असतो म्हणून. वर्षभर तिफणीचं चाडं बदल, वखराची दांडी बसव, नांगर नीट कर, या कशाचेही त्या वेळी पैसे नाहीत, आणि सुगीत रास पडली की घरधन्याच्या कणगीत दाणा जायच्या आधी त्याचं माप बाजूला निघायचं. नवी बैलगाडी करायची तर मात्र लाकूड शेतकऱ्याचं आणि बोली वेगळी. म्हणजे एकच सुतार एका कामापुरता बलुतेदार आणि दुसऱ्या कामापुरता उक्तं घेणारा कारागीर, हे लक्षात घेतलं की भाषांतराचा अर्धा घोळ सुटतो.

मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात बलुत्याच्या तीन पायऱ्या दिल्यात, थोरली कास, मधली कास आणि धाकटी कास. थोरलीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. ज्याची कास थोरली त्याचा वाटा मोठा. इथे कास म्हणजे गाईची कास असंच मला वाटतं, कोण कुठल्या आचळाला लागतो तसं. (याद्या गावोगाव बदलतात, त्यामुळे बारा म्हणजे हेच बारा असा हट्ट नको.) अलुतेदार म्हणजे तेली, तांबोळी, साळी, सोनार वगैरे, ज्यांच्यावाचून गावाचं नडत नाही असे. दोघांना मिळून कारू-नारू.

आणि हे सगळं किती छान होतं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. बलुतं हे वतन होतं, म्हणजे पिढीजात बांधलेलं काम, आणि सुताराला जे सोसलं ते महाराला सोसणं शक्यच नव्हतं, कारण त्याच्याकडून दिवसरात्र सरकारी आणि गावकी कामं करून घ्यायचे आणि बदल्यात काय मिळायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं त्यात बलुत्याऐवजी रोख पट्टी (पैशातला कर) ठरवून द्यावी अशी तरतूद होती. एका शब्दाच्या जागी दुसरा यावा यासाठी केवढी झुंज! म्हणून तर 'ट्रेड्समन'च्या जागी 'बलुतेदार' टाकून देणं मला जड जातं, त्यात सोडून जाता न येण्याचा जो अर्थ आहे तो इंग्रजी शब्दात नाहीच.

मग धंदेवाल्याला काय म्हणायचं? जुना शब्द 'उदमी' आहे, उदीम म्हणजे धंदा-व्यापार करणारा. तो मला आवडतो. 'कसबी' पण चालेल पण तो हुन्नर असलेल्यालाच. जाता जाता, कसब आणि कसबा एकच असं बरेच जण सांगतात, तसं नाहीये, दोन्ही अरबी पण वेगवेगळे शब्द आहेत. अजून एक शब्द मरून गेलाय तो म्हणजे मोहतर्फा, दुकान आणि धंदा यांच्यावरचा कर. तो मुंबई इलाख्यात १८४४ च्या कायद्याने बंद झाला. जुन्या कागदात मोहतर्फ्याच्या यादीत नाव दिसलं की तो माणूस दुकान किंवा धंदा चालवणारा.

कापसाने तर शब्दांचा सगळा बाजारच बदलला. १८६१ ते ६५ अमेरिकेत युद्ध चाललं आणि इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मागोमाग रेल्वे आली, जिन म्हणजे कापसातली सरकी काढणारे कारखाने आले, आणि कापूस लोढणारे हात हळूहळू रिकामे झाले. जो सुतार गावात सुतार होता तो जिनात गेला की 'मिस्त्री' झाला. हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, मेस्त्रे म्हणजे उस्ताद. जातीचं नाव गळून हुद्द्याचं नाव लागलं आणि खळ्यावरच्या मापाऐवजी हातात रोख पगार आला, माणूस मात्र तोच.

आणि अडत्या! याला दुकानदार म्हणाल तर चूक, कारण माल त्याचा नसतोच, तो शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि अडत कापून घेतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, ज्याचा कापूस त्यालाच आकडा कळायचा नाही. मग हातात यायची ती 'पट्टी', चिंचोळा कागद, वर एकूण वजन आणि खाली एकेक वजावट: अडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय. यात कडता हा शब्द नीट समजून घ्या, तो पैशात नाही तर वजनात कापतात, ओल आहे कचरा आहे म्हणून, आणि तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही. या असल्या कापाकापीला आळा घालायला वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा करावा लागला.

मापांचे शब्दही भाषांतरात असेच फसवतात, त्यात खंडीचं तर विचारूच नका. धान्याची खंडी २० मणांची, पण मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे २८ पौंडी मण धरला तर २८ मण. गावात २० च्या हिशेबाने डोकं चालवणारा माणूस तिथे गोंधळणारच. रुईचा भाव आजही खंडीवर बोलतात, ३५५.६ किलोची खंडी, ती हीच.

तर मैत्रिणीला मी सुचवलंय ते असं. वाक्यात धान्याचा वाटा असेल तिथेच बलुतेदार ठेव. पैसे घेऊन काम करणारा असेल तर कारागीर, बसून माल विकणारा असेल तर वाणी किंवा दुकानदार, दुसऱ्याचा माल विकून देणारा अडत्या, आणि नुसतं मोघम ट्रेड्समन असेल तिथे उदमी. वाढीदिढीने, म्हणजे परत घेताना वाढवून घेण्याच्या बोलीवर, दाणे देणारा वाणी सावकारात धरायचा की दुकानदारात, यावर मात्र आमचं अजून एकमत होत नाहीये. मी सावकार म्हणते, ती म्हणते दुकान त्याचंच होतं ना. तुमच्याकडे अशा माणसाला काय म्हणायचे ते लिहा.