मदत हवी आहे : एका बिटच्या किल्लीने दहा बिट कसे लपतात?

नमस्कार मंडळी. क्वांटम डेटा लॉकिंग (छोट्या गुप्त किल्लीने मोठा निरोप क्वांटम कणांत लपवण्याची पद्धत) वाचतोय आणि एका जागी अडकलोय.

माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननने १९४९ मध्ये दाखवलं की पूर्ण गुप्तता हवी तर किल्ली निरोपाएवढी लांब लागते. हे पटतं. पण २००४ मधलं लॉकिंग म्हणतं, किल्ली फक्त एका बिटची! वहीत मांडून पाहिलं : दहा फोटॉन (प्रकाशाचे कण), प्रत्येकावर एक बिट. किल्ली ० असेल तर सगळे उभ्या-आडव्या ध्रुवीकरणात (प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशेत), १ असेल तर सगळे तिरक्या. चोराला किल्ली माहीत नसेल तर मोजमापातून त्याला जास्तीत जास्त ५ बिट माहिती मिळते. किल्ली कळली की दहाच्या दहा. म्हणजे एका बिटने पाच बिट उघडले. अभिजात (म्हणजे नेहमीच्या, क्वांटम नसलेल्या) माहितीत असं घडूच शकत नाही.

इथवर ठीक. पण चोराने सरळ छापा-काटा करून मोजण्याची एक दिशा (उभी-आडवी किंवा तिरकी) निवडली, तर निम्म्या वेळा त्याला अख्खा निरोप मिळतोच की! मग ते ५ बिट म्हणजे नुसती सरासरीच ना? याला सुरक्षित कुठल्या तोंडाने म्हणायचं?

दोनाऐवजी पुष्कळ दिशा घेतल्या की चोराची माहिती आणखी घटते, हे वाचलंय. मला खरी खटकते ती क्वांटम मेमरी. चोराने फोटॉन न मोजता साठवून ठेवले आणि निरोपाचा थोडा भाग त्याला आधीच ठाऊक असला, तर त्यावरून किल्ली ताडून बाकीचं उघडता येईल ना?

या पद्धतीला क्वांटम किल्लीवितरणानंतर (दोघांनी फोटॉन वापरून गुप्त किल्ली ठरवल्यानंतर) जोडणं कितपत सुरक्षित? कोणी सोप्या गणितासह समजावेल का?